अभंगाची चतुःसीमा

तुकोबांचा अभंग महाराष्ट्रात कुठेही भेटतो. कीर्तनात, निवडणुकीच्या सभेत, शाळेच्या फळ्यावर, लग्नपत्रिकेच्या माथ्यावर. तो गाथेत नेमका कुठे आहे, असे विचारले की मात्र बोलणारा गडबडतो. संशोधनपर पुस्तकांत या प्रश्नाचे उत्तर दिलेले असते: ‘तु. गा.’ ही दोन अक्षरे आणि पुढे एक आकडा. तो आकडा घेऊन मी घरातल्या गाथा उघडतो तेव्हा तीन गाथांतून तीन वेगळे अभंग निघतात. तिन्ही तुकोबांचेच आणि तिन्ही चांगले. लेखकाच्या मनात यांतला कोणता होता, हे त्या आकड्यावरून कळायला मार्ग नसतो.

मी विद्यापीठातला माणूस नव्हे. कराडच्या कोर्टासमोर एका वकिलांच्या कचेरीत तीस वर्षे कारकुनी केली. खरेदीखते, वाटणीपत्रे, गहाणखते लिहिली. या धंद्यात पहिल्याच महिन्यात एक गोष्ट शिकवतात, ती म्हणजे जमिनीचा पत्ता कसा लिहायचा. मौजे अमुक, तालुका अमुक, गट नंबर, क्षेत्र, आकार. आणि एवढ्यावर न थांबता खाली चतुःसीमा. पूर्वेस कोणाचे रान, दक्षिणेस ओढा, पश्चिमेस गाडीवाट, उत्तरेस कोणाची मिळकत. नवशिक्याला वाटते, नंबर दिला की झाले, हे चार दिशांचे पाल्हाळ कशाला? पण नंबर बदलतात. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली गावोगाव एकत्रीकरण योजना आल्या, जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर पडले. आजोबांच्या खरेदीखतातला सर्व्हे नंबर आजचा गट नंबर समजून सातबारा काढला तर भलत्याच माणसाचे रान निघते. मग ९(३) ९(४) चा उतारा काढावा लागतो; त्यात जुना नंबर कोणता आणि त्याचा नवा गट कोणता हे समोरासमोर लिहिलेले असते. तोही मिळाला नाही तर चतुःसीमाच कामाला येते. ओढा हलत नाही.

ग्रंथातल्या वचनांचे पत्ते मी याच डोळ्यांनी पाहत आलो. संदर्भ देणे हा पंडितांचा शिष्टाचार आहे असे पुष्कळांना वाटते. माझ्या मते तो मालकीहक्काचा पुरावा आहे. वचन कोणाचे, हे ते कुठे आहे यावरून ठरते.

कराडच्या आसपास राहणाऱ्याला दासबोधापासून सुरुवात करणे सोपे जाते. चाफळ इथून जवळ. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी शहापूर, मसूर, उंब्रज हे तर आमच्या रोजच्या वाटेवरचे. दासबोधाचा पत्ता तीन आकड्यांचा असतो: दशक, समास, ओवी. वीस दशक, प्रत्येकात दहा समास, एकूण दोनशे समास आणि ७,७५१ ओव्या. आधी प्रपंच नेटका करा, हे सांगणारी ओवी बाराव्या दशकाच्या पहिल्या समासाची पहिली, म्हणजे १२.१.१. पढतमूर्खाची लक्षणे २.१० मध्ये. कोणाच्याही घरातला दासबोध उघडा, मग तो धुळ्याच्या सत्कार्योत्तेजक सभेने शंकर श्रीकृष्ण देवांच्या संपादनाखाली छापलेला असो की जत्रेत विकत घेतलेला, वचन तिथेच सापडते. कुठे एखाद्या ओवीचा फरक पडला तरी बोट जवळच पडते.

हे आपोआप झालेले नाही. ग्रंथकर्त्याने स्वतः ही घरे आखली. एकवीस समासांचा जुना दासबोध वेगळा आहे; मोठा ग्रंथ सिद्ध करताना दहा-दहांच्या चौकटी धरल्या, प्रत्येक समासाला विषयाचे नाव दिले आणि शेवटी समास संपल्याची नोंद ठेवली. पहिल्याच समासात या ग्रंथाला आधार कोणकोणत्या ग्रंथांचा याची यादी आहे, हे आजच्या प्रबंधलेखकांनी पाहण्यासारखे आहे. आणि एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास तर लेखनक्रियेवरच आहे. अक्षर वाटोळे, सुटे, एकसारखे असावे; ग्रंथाचे पहिले अक्षर आणि शेवटचे अक्षर एकाच लेखणीने लिहिल्यासारखे दिसावे; पानाच्या भोवती जागा सोडून मध्ये लिहावे, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी मजकूर झडणार नाही. कडेची जागा सोडायला सांगणारा हा लेखक आपला मजकूर शंभर हातांतून जाणार हे धरून चालला होता.

या तीन आकड्यांत आणखी एक सोय आहे, ती मला फार उशिरा उमगली. सरासरी काढली तर एका समासात चाळिसाच्या आत ओव्या येतात. समजा, एखाद्या नक्कलकाराने चौथ्या दशकाच्या दुसऱ्या समासात एक ओवी जास्तीची घातली. त्या समासातल्या पुढच्या ओव्यांचे आकडे एकाने सरकतील. तिसरा समास सुरू झाला की मोजणी पुन्हा एकपासून, म्हणजे चूक तिथेच अडली. सर्व्हे नंबरचा पोटहिस्सा पडतो तसे हे आहे. ४५ चे ४५/१ आणि ४५/२ झाले तरी शेजारचा ४६ जागचा हलत नाही. घरे जितकी लहान, तितकी चूक लहान.

आता ज्ञानेश्वरीकडे या. तिला गीतेचे अठरा अध्याय आयते मिळाले, पण अध्यायाच्या आत ओव्या एका दमात मोजल्या जातात. एकट्या अठराव्या अध्यायात अठराशेवर ओव्या आहेत. रूढ प्रतीत पसायदान १८.१७९४ पासून सुरू होते. या अध्यायाच्या आरंभी एक ओवी इकडची तिकडे झाली तर तिचा धक्का थेट पसायदानाला बसतो. आणि ओव्या इकडच्या तिकडे झाल्याच आहेत. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली ती यासाठीच, आणि यात कोणी आपली ओवी घालू नये अशी ताकीद दिली. १९०९ मध्ये राजवाड्यांनी नाथांच्या शुद्धीकरणापूर्वीची म्हणून जी प्रत छापली, तिची ओवीसंख्या रूढ प्रतीपेक्षा वेगळी. १९५३ ची सोनोपंत दांडेकरांची सार्थ प्रत फडांवर आणि घरांत रुळली, म्हणून बहुतेक लोक तिचे आकडे देतात. पण कोणत्या प्रतीचा आकडा हे लिहिणारे थोडे.

ज्ञानेश्वरीला एक दुसरा पत्ता मात्र आहे आणि तो आपण वाया घालवतो. प्रत्येक ओवी गीतेच्या कुठल्या तरी श्लोकाखाली येते. ओवीचा आकडा सरकला तरी वरचा श्लोक सरकत नाही. ओवीबरोबर श्लोक दिला तर तो शेतालगतच्या ओढ्यासारखा उपयोगी पडतो. अपवाद तेराव्या अध्यायाचा. काही प्रतींत या अध्यायाच्या आरंभी अर्जुनाचा एक प्रश्न आहे, काहींत नाही. जिथे आहे तिथे गीता सातशे एक श्लोकांची होते आणि तेराव्याचे सगळे श्लोक एकाने पुढे जातात. तिथे ओढासुद्धा हलतो म्हणायचा.

आणि मग गाथा. तिला दशक नाहीत, समास नाहीत, अध्याय नाहीत. हा एका माणसाच्या आयुष्यभराच्या बोलण्याचा ढीग आहे. तुकोबांनी तो कधी क्रमवार लावून ठेवला नाही. टाळकऱ्यांनी, शिष्यांनी, नंतरच्या वारकऱ्यांनी आपापल्या वहीत उतरला. मुंबई सरकारने चोवीस हजार रुपये देऊन या वह्यांवरून छापील गाथा तयार करवली. विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर इथल्या पोथ्या जमवल्या आणि इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९ व १८७३ मध्ये दोन खंड निघाले. त्यात ४,६०७ अभंगांना सलग अनुक्रमांक पडले. १८८९ साली तुकाराम तात्यांनी काढलेल्या गाथेत हीच संख्या आठ हजारांच्या पुढे गेली! विष्णुबुवा जोगांची सार्थ गाथा विसाव्या शतकाच्या आरंभी आली. तिचा क्रम वेगळा. फ्रेझर आणि मराठे यांनी १९०९ ते १९१५ या काळात तीन खंडांत इंग्रजी अनुवाद केला, तेव्हा अभंग विषयवार लावले आणि त्यांना पुन्हा नवे आकडे आले. वि. ल. भाव्यांनी चाकणच्या संताजी तेली जगनाड्यांच्या वहीवरून ‘अस्सल गाथा’ छापली, तिचे आकडे आणखी निराळे. १९५० मध्ये सरकारने पु. मं. लाडांच्या देखरेखीखाली पंडितांचीच गाथा पुन्हा काढली. हिला आज आपण शासकीय गाथा म्हणतो आणि विद्यापीठांत हीच चालते.

म्हणजे सरकारी गट नंबर पडले, पण गावाने ते स्वीकारले नाहीत. यात गावाची चूक आहे असे मला वाटत नाही. फडावरच्या माणसाला नंबर लागतच नाही. त्याला अभंग ध्रुपदावरून आठवतो. बुवा कीर्तनाला उभे राहिले की ध्रुपद पुन्हा पुन्हा येते, टाळकरी तेच धरतात, आणि त्याच ओळीने तो अभंग ओळखला जातो. घोटाळा होतो तो इथे. छापील गाथेत मागे जी वर्णानुक्रमणिका असते ती अभंगाच्या पहिल्या चरणाची. ध्रुपद बहुधा दुसऱ्या ओळीत असते. ध्रुपद तोंडपाठ असलेला माणूस अनुक्रमणिका उघडतो आणि त्याला तो अभंग सापडत नाही. गाथेत तो नाहीच असे समजून कित्येक जण पुस्तक मिटतात. त्यात ‘आता’वर अनुस्वार आहे की नाही, ‘ऐसा’ की ‘असा’, ‘काय’ की ‘काये’ यावरूनही यादीतली जागा बदलते. हल्ली मोबाइलवर गाथा मिळते, शब्द टाकला की अभंग येतो, पण शब्द त्या संहितेच्या लेखनपद्धतीने टाकावा लागतो. आणि शेजारी जो आकडा दिसतो तो कोणत्या गाथेचा, हे पुष्कळदा लिहिलेले नसते.

हाच प्रश्न जगात आणखी कोणाला पडला असेल आणि त्यांनी काय केले असेल, असे मनात आल्यावर मी इतर परंपरांचे ग्रंथ चाळू लागलो. बायबलातल्या अध्यायांची वाटणी तेराव्या शतकातली, नव्या करारातल्या वचनांना आकडे पडले १५५१ मध्ये, पॅरिसहून जिनिव्हाला गेलेल्या एका मुद्रकाच्या हातून. त्याच्याच मुलाने १५७८ मध्ये छापलेल्या प्लेटोच्या पृष्ठांकांवरून आजही जगभर प्लेटोचा संदर्भ देतात. पण माझे खरे समाधान झाले ते यहुदी लोकांच्या तालमूदवर.

यहुदी आपल्याला परके नाहीत. कोकणातले बेने इस्राएल शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. वल्हांडणाच्या रात्री वाचायची त्यांची हग्गादा १८४६ साली मुंबईत मराठी भाषांतरासह छापली गेली. तालमूद हा मात्र वाचून संपवायचा ग्रंथ नव्हे. तो वादांचा साठा आहे. आधी मिश्ना म्हणजे धर्मनियमांचे संकलन, इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीचे. त्यावर पुढच्या तीन शतकांत झालेली चर्चा म्हणजे गमारा. एक म्हणतो असे, दुसरा म्हणतो तसे, मध्येच गोष्ट, मध्येच औषधाची कृती, पुन्हा कायदा. विषयावरून काही शोधायला जावे तर तो विषय पाच ठिकाणी विखुरलेला. जुन्या काळी संदर्भ द्यायचा तो प्रकरणाच्या नावाने, आणि प्रकरणाचे नाव म्हणजे त्याचे पहिले दोन-चार शब्द. आपल्या ‘पहिल्या चरणा’सारखेच. ज्याला सगळे पाठ आहे त्याला हे पुरते, बाकीच्यांची पंचाईत.

१५२० ते १५२३ या काळात व्हेनिसमध्ये डॅनियल बोंबर्ग याने अखंड बाबिलोनी तालमूद पहिल्यांदा छापला. हा अँटवर्पचा ख्रिस्ती मुद्रक. त्याने पानाच्या मधोमध मूळ मजकूर ठेवला, बांधणीकडच्या बाजूला अकराव्या शतकातल्या राशीची टीका आणि बाहेरच्या बाजूला राशीनंतरच्या पंडितांची टिपणे. प्रत्येक पानाला, म्हणजे दोन्ही बाजू मिळून एका पत्राला, एक आकडा. यात नवल वाटायला नको. आपल्या पोथ्यांतही पत्राला एकच आकडा असतो आणि तो बहुधा मागच्या बाजूला समासात घातलेला असतो. यहुदी पत्राला दफ म्हणतात, बाजूला अमूद. प्रकरणग्रंथाचे नाव, दफ, पहिली की दुसरी बाजू, एवढ्यात पत्ता पूर्ण होतो. हिब्रू छपाईत तर पहिल्या बाजूसाठी आकड्यापुढे एक टिंब आणि दुसऱ्या बाजूसाठी दोन टिंबे दिली की काम भागते. प्रत्येक प्रकरणग्रंथ पान दोनपासून सुरू होतो, कारण मुखपृष्ठाचे पान एक धरले. पान एक शोधत बसलेल्या नवख्याची यहुदी पाठशाळांत थट्टा होत असेलच.

महत्त्वाची गोष्ट पुढे झाली. नंतरच्या मुद्रकांनी ही पाने मोडली नाहीत. १५५३ मध्ये रोममध्ये तालमूदच्या प्रती जाहीरपणे जाळल्या. नंतरच्या छपायांत चर्चने मजकूर छाटला. तरी पानांचे आकडे टिकले. १८८० ते १८८६ मध्ये विल्ना इथे रोम घराण्याच्या छापखान्याने जी भव्य आवृत्ती काढली तिच्यातही बोंबर्गचीच पत्रे पाळली गेली आणि आज तीच आवृत्ती प्रमाण मानतात. पान कुठे सुरू व्हावे आणि कुठे संपावे हे एका ख्रिस्ती मुद्रकाच्या टंकाच्या मापाने ठरले. वाक्याच्या मध्येच पान संपते, वादाच्या ऐन भरात बाजू बदलते. अर्थाच्या दृष्टीने ही वाटणी अगदीच आडमुठी. पण ती सगळ्यांची एक आहे. १९२३ मध्ये मेयर शपिरो या धर्मगुरूने रोज एक पान वाचण्याचा संकल्प मांडला. २,७११ पाने, साडेसात वर्षांच्या आत एक आवर्तन. कोणत्याही देशातला माणूस त्या दिवशी तेच पान उघडतो. आपल्याकडे सप्ताहात रोज किती अध्याय व्हायचे हे ठरलेले असते, तोच हा प्रकार, फक्त साडेसात वर्षे लांबलेला.

याच यहुद्यांचा दुसरा तालमूद आहे, जेरुसलेमचा. तोही बोंबर्गनेच छापला, पण नंतरच्या छपायांत पाने वेगळी पडली. परिणामी त्याचा पत्ता देताना आजही प्रकरण आणि कलम सांगून, पुढे कोणत्या आवृत्तीचे कोणते पान हे लिहावे लागते. एकाच लोकांचे, एकाच मुद्रकाने छापलेले दोन ग्रंथ. एकाचा पत्ता पक्का झाला, दुसऱ्याचा झाला नाही. ज्याचा वापर रोजचा, त्याचा पत्ता पक्का झाला, असे मला दिसते.

तालमूदच्या पानावर एक बारीक स्तंभ असतो, त्याचे मला सर्वांत अप्रूप वाटले. हेच वचन तालमूदमध्ये आणखी कुठे आले आहे, याची ती यादी. सोळाव्या शतकात यहोशुआ बोआझ याने ती तयार केली. असे काम मराठीत कोणी केले आहे का, हे पाहू गेल्यावर दोन ठिकाणी हाती लागले. एक महानुभावांकडे. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात चक्रधरांच्या लीळा, ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांना विचारून गोळा केल्या. कोणाची आठवण निराळी पडली तर ‘वासना’ म्हणून ती त्याच्या नावावर नोंदवली. केशोबासांनी चक्रधरांची वचने वेगळी काढून सूत्रपाठ केला. पण वचन लीळेपासून तोडले की ते कोणाला, कोणत्या प्रसंगी सांगितले हे हरवते. म्हणून ‘प्रकरणवश’ नावाचे लेखन झाले: हे सूत्र अमुक प्रसंगी निरूपिले. सूत्राला त्याची चतुःसीमा परत मिळाली. लीळाचरित्राच्या छापील आवृत्त्यांत मात्र आपला जुना रोग आहेच. नेने, तुळपुळे आणि कोलते यांच्या आवृत्त्यांतले लीळांचे क्रमांक जुळत नाहीत, तेव्हा संपादकाचे नाव सांगितल्याशिवाय लीळेचा आकडा निरुपयोगी.

दुसरे ठिकाण आमच्याच जिल्ह्यात, वाईला. प्राज्ञपाठशाळेत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली जो धर्मकोश सुरू झाला, त्यात स्मृतिवचन वर आणि ते कोणत्या कोणत्या निबंधग्रंथांत कुठे उद्धृत झाले आहे हे खाली दिलेले असते. मी तो कोश पहिल्यांदा पाहिला तेव्हा वचनांपेक्षा खालच्या बारीक टंकाकडेच पाहत राहिलो. प्रत्येक ओळीमागे एकेका पोथीचे पान कोणीतरी उलटलेले आहे.

हे सगळे कशासाठी, असे विचारणारे भेटतात. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका मंडळाने नव्या सभागृहाच्या भिंतीवर संगमरवरात एक वचन कोरायचे ठरवले. खाली ‘– संत तुकाराम’. कारागिराकडे मजकूर द्यायच्या आधी त्यांच्यातल्या एका जाणत्याने माझ्याकडे कागद पाठवला, एकदा बघून घ्या म्हणून. पहिल्या चरणाने पाहिले, ध्रुपद समजून पाहिले, शेवटची ओळ समजून पाहिले. तिन्ही गाथांत नाही. नामदेव, एकनाथ, चोखोबा, निळोबा यांच्या गाथाही चाळल्या. नाहीच. शिवाय त्यात ‘राष्ट्र’ हा शब्द असा आला होता, जसा तो आपण वर्तमानपत्रात वाचतो. मी तसे कळवले. त्यावर एक कार्यकर्ते म्हणाले, “अहो दादा, विचार तर तुकोबांचाच आहे ना!” विचार कोणाचाही असू दे, सही तुकोबांची होती, आणि परक्याच्या सहीचे काय होते हे कोर्टासमोर बसणाऱ्या माणसाला कोणी सांगायला नको. शेवटी वचन कोरले गेले आणि खाली ‘संतवचन’ असे आले. गावठाणाला सर्व्हे नंबर नसतो, तसे.

खोट्या वचनांपेक्षा खऱ्या वचनांचा मालक बदलणे अधिक वेळा घडते. वारकरी संप्रदायाला इमारतीची उपमा देऊन पाया कोणी घातला आणि कळस कोणाचा हे सांगणारा अभंग घ्या. तो शिऊरच्या बहिणाबाईंचा, तुकोबांच्या शिष्येचा. पण त्यात तुकोबांचे नाव येते, म्हणून निम्मा महाराष्ट्र तो तुकोबांचाच समजून गातो. गाथेत कोणी शोधत नाही, त्यामुळे तो तिथे नाही हेही कळत नाही. एका बाईची कविता अशी गुरूच्या खात्यावर जमा होते. मराठ्यांना एकत्र मिळवण्याचा समर्थांचा प्रसिद्ध उपदेशही दासबोधातला म्हणून सांगतात. तो संभाजीराजांना लिहिलेल्या पद्यमय पत्रातला आहे. दासबोध म्हणणाऱ्याला फक्त विचारायचे, दशक कोणता? दासबोधाची घरे इतकी पक्की आहेत की या एका प्रश्नाने निकाल लागतो. तुकोबांच्या बाबतीत असा प्रश्न विचारायची सोय नाही आणि त्याचा फायदा सगळे पक्ष घेतात. ब्राह्मणांविषयी, वेदांविषयी, कर्मकांडाविषयी तुकोबा काय म्हणाले यावर आपल्याकडे किती वाद झाले; दोन्ही बाजूंना हवे ते अभंग मिळतात, आणि कोणता अभंग संताजींच्या वहीत आहे, कोणता फक्त तुकाराम तात्यांच्या आठ हजारांत, हे न सांगता मिळतात.

म्हणून मी संदर्भ लिहिताना चतुःसीमा देतो: गाथा कोणती, तिच्यातला आकडा, पहिल्या चरणाचे दोन-तीन शब्द, ध्रुपदाचे दोन-तीन शब्द. जागा जास्त लागते, संपादक कुरकुरतात. ज्ञानेश्वरीसाठी प्रत, अध्याय, ओवी आणि वरचा श्लोक. दासबोधाला तीन आकडे पुरेत.

याशिवाय कचेरीतल्या जुन्या जमाखर्चाच्या वह्यांत मी गाथेचे ९(३) ९(४) पत्रक करायला घेतले आहे. डाव्या रकान्यात शासकीय गाथेचा आकडा, पुढे जोगांचा, त्यापुढे देहूच्या गाथेचा, आणि शेवटचा रकाना संताजींच्या वहीसाठी. दोन आकडे समोरासमोर लिहिण्याचे हे काम दिसते तेवढे सरळ नाही. एका गाथेत एकच असलेला अभंग दुसरीत दोन झालेला असतो. कुठे दोन अभंगांचे चरण एकमेकांत गेलेले. कुठे ध्रुपद तेच आणि पुढचे सगळे निराळे. अशा ठिकाणी एका आकड्यासमोर एक आकडा बसत नाही, पोटहिस्सा पाडावा लागतो. शेवटचा रकाना बराच मोकळा आहे आणि मोकळा राहणार, कारण त्या वहीत सगळे अभंग नाहीतच. मोकळी जागा तशीच ठेवली आहे; कोणता अभंग तिथे नाही, हेही पत्रकात दिसले पाहिजे.

घरोघरी जुन्या गाथा असतात, पहिली पाने गळालेल्या, आजोबांच्या हातच्या खुणा असलेल्या. मुखपृष्ठ नसले तरी ती कोणती गाथा हे ओळखता येते. शेवटच्या अभंगाचा आकडा पाहावा: साडेचार हजारांच्या थोडा पुढे असेल तर पंडितांच्या कुळातली, आठ हजारांवर असेल तर तात्यांची. अभंगाखाली अर्थ आहे का पाहावे; असेल तर सार्थ. मागे अनुक्रमणिका शिल्लक असेल तर तिच्यातले दहा अभंग काढून शासकीय गाथेच्या आकड्यांशी ताडून पाहावेत. सगळे जुळले तर ती पंडितांची किंवा तिची पुनरावृत्ती. सगळे सारख्याच अंतराने सरकलेले असतील तर आरंभी काही अभंग कमी किंवा जास्त आहेत. अंतर प्रत्येक ठिकाणी वेगळे निघाले तर क्रमच निराळा. अशी गाथा हाती आली की आधी मागच्या पुठ्ठ्याच्या आत पाहावे, कोणी विकत घेतल्याची तारीख लिहून ठेवली आहे का.